पिंपासह सापडलेला इसम

नायगाराच्या धबधब्यामागच्या बोगद्यात वाटाड्याची नोकरी मिळाली तर माझा काय फायदा होणार होता, तो आधी मांडतो. म्हणजे पुढचं ऐकताना या माणसाला एवढी हौस कशाला होती, असं कुणी म्हणायला नको. एक पिवळा रेनकोट, मापाचे गमबूट, दुपारी गरम सूप. हे किरकोळीत टाका. खरी मिळकत चाळीस मिनिटांची होती. दिवसातून चार वेळा, चाळीस-चाळीस मिनिटं, माणसं तिकीट काढून माझं बोलणं ऐकणार, आणि मधेच उठून जायची सोय नाही, कारण वर यायला लिफ्ट एकच आणि ती माझ्या हातात. एकतीस वर्षं मी धबधब्याशेजारच्या चिपावात शाळेत भूगोल शिकवला, पण तिथे घंटा होती. घरी घंटेचीही गरज पडत नाही. मी ‘बारा हजार वर्षांपूर्वी’ एवढं म्हटलं की माझी बायको मर्ना उठते आणि ओव्हनमध्ये डोकावून येते. ओव्हन बंद असला तरी.

मर्नाचा फायदा माझ्याहून मोठा. रोजची एकशे साठ मिनिटं, शिवाय माझ्या जाण्यायेण्याचा वेळ. म्हणून तर अर्ज तिने स्वतः टाइप केला, पाकिटाला तिकीट स्वतः चिकटवलं आणि पेटीत टाकायचं कामही माझ्यावर सोपवलं नाही.

मुलाखत शुक्रवारी सकाळी दहाला होती. बुधवारी बोगदा चालवणाऱ्या पार्कच्या कचेरीतून मिस टॅगर्ट नावाच्या बाईंचा फोन आला. आवाज इतका गोड की वाईट बातमी आहे हे लगेच कळलं. फाइलीत दोन कागद कमी होते: पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणि एका शेजाऱ्याचं शिफारसपत्र. दोन्ही कागद शुक्रवारी हजर केले तर मुलाखत, नाहीतर बाईंना फार वाईट वाटणार होतं. यादीत माझ्यानंतर एक तरुण होता आणि त्याचे कागद पूर्ण होते, हेही त्यांनी सांगितलं. आमच्याकडे माणसाला धक्का देताना आधी त्याची माफी मागतात.

दाखल्याची चिंता नव्हती. तो टाइप होऊन पोलीसचौकीत पडला होता, गुरुवारी दुपारी सही व्हायची होती. प्रश्न शेजाऱ्याचा होता. आमच्या उजवीकडच्यांशी दोन उन्हाळ्यांपासून बोलणं बंद आहे. त्यांच्या बार्बेक्यूला मी बटर टार्टच्या मदतीने धबधब्याची रचना समजावली होती. वरचं खरपूस कवच म्हणजे कडक चुनखडी, आतला पाक म्हणजे शेल नावाचा भुसभुशीत खडक. पाणी खालून शेल खात राहतं, वरचं कवच अधांतरी होतं, एक दिवस कोसळतं आणि धबधबा तेवढा मागे सरकतो. मुद्दा स्पष्ट होईपर्यंत अकरा टार्ट मोडले. ते पाहुण्यांसाठी होते, हे मला नंतर कळवण्यात आलं.

राहिला डावीकडचा ओरेस्ते डिबियासे. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी वीजघरासाठी धबधब्याचं पाणी वळवणारे बोगदे खणायला इटलीहून आला आणि इथलाच झाला. दर ऑक्टोबरात गॅरेजमध्ये वाइन करतो आणि ती वर्षभर शेजाऱ्यांना प्यावी लागते. मी पत्राचं बोललो तर म्हणाला, एक का, दोन पानी लिहितो. मग गॅरेजचं दार उघडून त्याने मला आत नेलं. द्राक्षांच्या चौदा पेट्या रचलेल्या आणि वर चिलटांचा ढग. द्राक्षं चेचून ज्या उघड्या पिंपात तो आंबवतो, त्या पिंपाला तळाशी भेग गेली होती.

“मास्तर,” तो म्हणाला, “द्राक्ष थांबत नाही. तुझं पत्र थांबू शकतं.”

खाली नायगारा-ऑन-द-लेक गावात एका द्राक्षमळ्यात त्याच्या भावकीतल्या कुणीतरी जुनं ओकचं पिंप बाजूला काढून ठेवलं होतं, वरचं झाकण सुटं केलेलं. पैसे पोचले होते. डॉक्टरने ओरेस्तेला गाडी चालवायला आणि वजन उचलायला मनाई केली होती. माझ्याकडे पिकअप होती. सौदा काय होता ते दोघांनाही न बोलता समजलं.

गुरुवारी सकाळी निघालो. थँक्सगिव्हिंगच्या सुटीत आम्ही तळ्यावरचं कॉटेज हिवाळ्यासाठी बंद करून आलो होतो आणि पिकअपमधलं सामान मी अजून उतरवलं नव्हतं. मर्नाने सोमवारपासून तीनदा आठवण केली होती, हे तिच्या बाजूने नमूद करतो. मळ्यावर पिंप चढवायचं म्हणजे मागे जागा हवी. मी ते सगळं सामान पिंपातच भरलं. तळाला कॉटवरची पातळ गादी गोल वळवून, तिच्या आत दोन उशा, वर दोन लाइफ जॅकेटं, दोरीचं भेंडोळं आणि राय व्हिस्कीची अर्धी बाटली. एक इंच वाया गेला नाही. सामान भरण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरत नाही. मळ्यावरचा माणूस त्या भरलेल्या पिंपाकडे जरा वेळ बघत राहिला. मग त्याने माझा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरला. तेव्हा मला ते आदरातिथ्य वाटलं.

नदीकाठच्या रस्त्याने परत येताना धबधबा मागे टाकला आणि वरच्या अंगाला, जिथे पाणी खडकांवरून उसळत कड्याकडे धावतं, तिथे गाडी थांबवली. अकरा वाजले होते. दाखला दोनला मिळणार. उद्याच्या मुलाखतीची रंगीत तालीम करायला याहून चांगली जागा कुठली. कठड्याशी उभा राहिलो, वही उघडली आणि नदीला भाषण सुरू केलं.

माझं भाषण बारा हजार वर्षांपूर्वी क्वीन्स्टनला सुरू होतं, कारण तेव्हा धबधबा तिथे होता. तिथून कडा मोडत-मोडत तो अकरा किलोमीटर मागे आला. पूर्वी वर्षाला मीटरभर तरी सरकायचा. आता निम्म्याहून जास्त पाणी वीजघरांकडे जातं, म्हणून त्याची चाल मंदावली. मग मी १८४८ वर येतो. त्या मार्चात वरच्या तळ्याच्या तोंडाशी बर्फ अडकलं आणि धबधबा चक्क थांबला. अचानक पडलेल्या शांततेमुळे लोक जागे झाले. काहीजण चर्चमध्ये गेले, काहीजण कोरड्या पात्रात उतरून जुन्या लढाईतल्या संगिनी वेचत बसले. आमच्या गावाचे हे दोन भाग आजही तसेच आहेत. त्याआधी हॉटेलवाल्यांनी गिऱ्हाईक जमावं म्हणून एक जुनं जहाज प्राण्यांसकट कड्यावरून सोडलं होतं. मग दोरावरून चालणारे आले, आणि १९०१ मध्ये पिंपवाली बाई. ती पिंपात बसून धबधब्यावरून गेली आणि जिवंत बाहेर आली. पेशाने शाळामास्तरीण, वय त्रेसष्ट, महिना ऑक्टोबर. तिच्यामागून पिंपवाल्यांची रांग लागली. एकजण धबधब्यातून वाचला आणि पुढे दूरदेशी संत्र्याच्या सालीवरून घसरून गेला. ही गोष्ट मी नेहमी शेवटाकडे सांगतो, त्या वेळी श्रोत्यांना बसावंसं वाटत असतं.

पाण्याचा वेग किती, हा प्रश्न मुलाखतीत येणारच. पुस्तकातला आकडा मला माहीत होता, पण मी विद्यार्थ्यांना जन्मभर सांगत आलो की आकडा उसना घेऊ नये, मोजावा. म्हणून काठावरच्या वाळक्या फांद्या एकेक करून पाण्यात टाकल्या आणि कड्यापर्यंत जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघून वहीत लिहिलं. एक फांदी मधल्या खडकाला अडली. तिच्यापुढे मी लिहिलं, ‘डावीकडून नको’.

तेवढ्यात निळ्या रेनकोटातली एक प्रवासी बाई जवळ आली. तिने पिकअपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, आजच का? मी म्हटलं, छे, उद्या दहा वाजता. भीती नाही वाटत? थोडी वाटते, पण तयारी केलीय. घरी माहीत आहे का, तिने विचारलं.

“माहीत म्हणजे? अर्ज तिनेच टाइप केला,” मी म्हटलं.

बाई जी वळली ती थेट टेलिफोनकडे गेली.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे तुमच्या कसं लक्षात आलं नाही? दुसऱ्या कुठल्याही गावात पिंप घेऊन जाणारा माणूस म्हणजे पिंप घेऊन जाणारा माणूस. आमच्या गावात तो गुन्ह्याच्या तयारीतला इसम असतो. धबधब्यावरून उडी घेणाऱ्याला जबर दंड आहे आणि पोलिसांना पिंपाचा वास येतो. हे मी स्वतः शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवलं आहे. पण आपण शिकवलेलं आपल्यालाही लागू असतं, हे मास्तर माणसाला सहसा सुचत नाही.

दहा मिनिटांत पोलिसांची गाडी आली आणि तिच्यातून सार्जंट बॉयको उतरला. नववीत माझ्या वर्गात होता, खिडकीशेजारच्या बाकावर. मला हायसं वाटलं. ओळखीचा माणूस. त्याने टोपी काढली, नमस्कार केला, मर्नाबाईंची तब्येत विचारली, आणि मग पिंपातली एकेक वस्तू काढून गवतावर ओळीत मांडली. गादी. उशा. लाइफ जॅकेटं. दोरी. व्हिस्की. शेवटी वही उघडून त्याने ‘डावीकडून नको’ मोठ्याने वाचलं.

“सर,” तो म्हणाला, “माफ करा, पण चौकीवर यावं लागेल.”

मी त्याला कॉटेज सांगितलं, द्राक्षं सांगितली, चिलटं सांगितली. तो मान हलवत होता, जशी मी त्याची कारणं ऐकताना हलवायचो. चौकीकडे जाताना म्हणाला, मला एक परीक्षा आठवते सर. धबधबा रात्री कमी करतात, असं मी उत्तरात लिहिलं होतं आणि तुम्ही शून्य दिलंत.  वरच्या धरणाचे दरवाजे फिरवून रात्री पाणी खरोखर निम्म्यावर आणतात, हे मला त्या परीक्षेनंतर दोन वर्षांनी कळलं होतं. गुण वाढवायची मुदत तोवर संपली होती.

चौकीत टेबलावर माझा दाखला दिसत होता. स्वच्छ टाइप केलेला, शिक्का मारलेला, फक्त सही नाही. बॉयकोने तो उचलून खणात ठेवला. नदीकाठी पिंपासह इसम सापडल्याची नोंद झाली होती. ती नोंद उघडी असताना इसमाच्या वर्तणुकीबद्दल चांगलं लिहायचं कसं, हे त्याचं म्हणणं. नोंद चौकशीला गेली की तीन आठवडे. मुलाखतीला उरले होते वीस तास. मला तो कागद पूर्ण असलेला तरुण दिसू लागला. कशाचीही काही माहिती नसताना लिफ्टपाशी उभा, माझ्या मापाच्या गमबुटात.

मर्नाला बोलावलं. ती आली, सगळं ऐकलं, आणि माझ्या बाजूने अशी साक्ष दिली की त्यापेक्षा चौकशी बरी. म्हणाली, “बॉयको, हा माणूस टबात उतरताना कठडा धरतो. कॉटेजच्या धक्क्यावरून तळ्यात पाय सोडायचे तर आधी थर्मामीटर बुडवतो. हा काय धबधब्यात जातोय?”

पोलीसचौकीतले दोन शिपाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बॉयकोने बायकोची साक्ष धरता येत नाही असं सांगितलं, पण त्याचा चेहरा थोडा सैल पडला. म्हणाला, एक मार्ग आहे. सर पिंपात मावतच नाहीत असं सिद्ध झालं, तर ‘कृत्य अशक्य’ असा शेरा मारून नोंद आत्ता बंद करता येईल.

“मावत नाही हे दिसतंय की,” मी म्हटलं.

“अंदाज लिहू नये, प्रयोग करावा. तुमचंच वाक्य, सर.”

“बॉयको, मी बासष्ट वर्षांचा माणूस आहे.”

“या महिन्यात त्रेसष्ट पूर्ण होतात. दाखल्यावर तारीख आहे. म्हणून तर काळजी वाटते.”

चौकीच्या मागच्या अंगणात पिंप उभं केलं. मी कोट काढला, घडी करून मर्नाकडे दिला. बॉयकोने एका हाताने मला आधार दिला, दुसऱ्या हाताने पिंप धरलं, आणि मी आत उतरलो. उभा राहिलो तेव्हा काठ कमरेला लागत होता. आता बसा, तो म्हणाला. बसलो. अर्धा बसलो आणि गुडघे पुढच्या फळ्यांना टेकले, पाठ मागच्या फळ्यांना, आणि मी थांबलो. डोकं आणि खांदे बाहेर. बॉयकोने झाकण आणून माझ्या डोक्यावर ठेवलं, चारी बाजूंनी फिरून पाहिलं, आणि आनंदाने लिहून घेतलं: ‘झाकण बसत नाही’. मी त्या झाकणाखालून सुटकेचा निःश्वास टाकला. जन्मात पहिल्यांदा माझ्या पोटाची सरकारदरबारी चांगल्या अर्थाने नोंद झाली होती.

मग बॉयको म्हणाला, या बाहेर. आणि मला येता येईना.

पाचर बसली होती. श्वास सोडून पाहिला, धरून पाहिला. दोन शिपायांनी काखेत हात घालून ओढलं तर पिंपासकट मी उचलला गेलो. मर्नाने सुचवलं की आडवं करा. आडवं केलं. ते अंगण किती उतरतं आहे हे एरवी लक्षात आलं नसतं. मी दोन पूर्ण गिरक्या घेतल्या आणि झेंड्याच्या खांबाला टेकून थांबलो. आमच्या गावात पिंपातून प्रवास करून जिवंत राहिलेल्यांत मी कुठेतरी बसतो. अंतर फक्त साडेतीन मीटर.

अग्निशामक दलाला बोलवावं लागलं. त्यांची प्रमुख एक उंच, शांत बाई होती. तिने खाली वाकून मला विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, फक्त आत्मसन्मान. त्याचं आमच्याकडे अवजार नाही, ती म्हणाली आणि पिंपाच्या लोखंडी कड्या कापायला घेतल्या. चौथी कडी तुटली तशा फळ्या चहूबाजूंनी पसरल्या आणि मी मधे उकिडवा, पँट मागून फाटलेली, असा उघडा झालो. अंगणाच्या भिंतीपलीकडे पर्यटकांची एक बस थांबली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी निश्चिंत होऊन दाखल्याचं विचारणार तोच त्या बाईने पिशवीतून एक छापील कागद काढला. या गावात पिंपातून माणूस बाहेर काढला की तो कागद भरावाच लागतो, म्हणाली; मग तो नदीत सापडो की अंगणात. तो कागद वर जातो आणि वरून खटला येतो. मर्नाने माझा कोट घट्ट धरला. बॉयको समजुतीच्या सुरात म्हणाला की नियम आहे सर, माझ्या हातात काही नाही, माफ करा.

बाईने नाव लिहिलं, वय लिहिलं, पेशा लिहिला. पिंप कशाचं? ओकचं. मग तिने पुढची ओळ वाचली.

“पिंपात शिरायला मदत करणाऱ्याचं नाव. त्यालाही तितकाच दंड असतो.”

अंगण शांत झालं. १८४८ च्या त्या सकाळी गाव असंच शांत झालं असणार. मी उठून उभा राहिलो, एका हाताने पँट मागून धरली, आणि जितक्या नम्रपणे सांगता येईल तितक्या नम्रपणे सांगितलं, “बॉयको. पहिलं नाव त्यालाच विचारा, मी हजेरीत आडनावानेच हाक मारायचो.”

बाईने पेन वर धरून बॉयकोकडे पाहिलं. शिपायांनीही पाहिलं. नववीत प्रश्न आला की तो जसा खिडकीबाहेर बघायचा, तसा त्याने एकदा धबधब्याच्या तुषारांकडे पाहिलं. मग बाईंना विचारलं की कॉफी घेणार का. दोघं आत गेले. काचेतून त्याचे हात हलताना दिसत होते, तिची मान हलताना दिसत होती. सात मिनिटांनी बाई एकटी बाहेर आली, तो कागद चौघडी करून खिशात घातला, दुसरा कोरा काढला आणि त्यावर लिहिलं: ‘जुनं लाकूडसामान मोडून देण्यात मदत’. मला म्हणाली, मुलाखतीला शुभेच्छा. मी बोगद्यात तिकिटाने आले तर दगडांबद्दल थोडं कमी सांगा.

बॉयको माझा दाखला घेऊन आला. सही वाळलेली नव्हती. मी तो दोन्ही हातांनी धरला. खरं सांगतो, निवृत्तीच्या दिवशी शाळेने घड्याळ दिलं तेव्हाही मला इतकं भरून आलं नव्हतं.

पण पत्र राहिलं होतं. पिंपाच्या फळ्या पिकअपमध्ये भरून आम्ही घरी आलो तर ओरेस्ते फाटकात उभा. त्याने फळ्या मोजल्या. तोडलेल्या कड्या उचलून पाहिल्या. मी सगळं सांगितलं, अगदी टाळ्यांसकट. त्याने कड्या खाली टाकल्या. गॅरेजमध्ये गेला, द्राक्षांच्या पेटीवर बसला आणि चिलटं वारायला लागला. मर्नाने पत्राचा विषय काढला तेव्हा म्हणाला की लिहीन, पण मग खरं लिहीन.

मर्ना घरात गेली आणि तिने चौकीला फोन लावला. ती काय बोलली ते मला पूर्ण ऐकू आलं नाही. ‘दुसरा कागद’ आणि ‘सात मिनिटं’ एवढे शब्द आले. पाचच्या सुमाराला पोलिसांची गाडी आमच्या रस्त्यावर वळली. मागचं दार दोरीने बांधलेलं आणि त्यातून एक ओकचं पिंप अर्धं बाहेर डोकावत होतं. उजवीकडचे शेजारी दोन वर्षांत पहिल्यांदा कुंपणाशी आले आणि मला विचारू लागले की काय झालं. मी बारा हजार वर्षांपूर्वीपासून सुरुवात केली, पण ते परत गेले.

ओरेस्तेने पिंप वाजवून पाहिलं, वास घेतला, आत डोकं घालून काहीतरी म्हणाला, आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पत्र लिहिलं. दोन पानी नव्हतं. तीन ओळींचं होतं. ‘मास्तर प्रामाणिक आहे. बोलतो फार. त्याला पिंप आणायला सांगू नये.’

शुक्रवारी दहा वाजता मिस टॅगर्टनी दोन्ही कागद वाचले. पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाल्या की बोगद्यात पिंप न्यायला तशीही परवानगी नाही, आणि सोमवारपासून या.

तर हिशेब असा झाला. पँट माझी गेली. द्राक्षांची दीड पेटी चिलटांनी खाल्ली, ती ओरेस्तेने सोसली. करवतीचं पातं अग्निशामक दलाचं. मर्नाला एक कॉटेजभर सामान एकटीने उतरवावं लागलं, कारण माझी कंबर दोन आठवडे सरळ झाली नाही. आणि नव्या पिंपाचे पैसे बॉयकोने स्वतःच्या खिशातून भरले. चौकीच्या खर्चातून त्याला ते सहज मिळाले असते. पण तिथे अर्ज करायचा, तर पहिलं पिंप कुणी आणि कशासाठी मोडलं, ते लिहून द्यावं लागतं.